'फेरो'चा भूतकाळ 'तुली' कसा?

लॅटिनच्या विद्यार्थ्याला 'वाहून नेणे' या अर्थाचं क्रियापद असं पाठ करावं लागतं: फेरो, फेर्रे, तुली, लातुम. फेरो म्हणजे 'मी वाहतो', तुली म्हणजे 'मी वाहिलं', आणि 'वाहिलेला' हे विशेषण लातुमच्या जोडीचं. कानाला ही तीन वेगळी क्रियापदं वाटतात.

वर्तमानकाळ मात्र आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुंत. आणि संस्कृतात भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांची समान पूर्वज असलेल्या मूळ भारोपीय भाषेतला शब्दारंभीचा 'भ' लॅटिनमध्ये 'फ' झाला, म्हणून आपला भ्राता तिथे 'फ्रातेर' आहे. क्रियापदांची अशी रूपं शेजारी शेजारी मांडूनच फ्रान्झ बोप या जर्मन अभ्यासकाने १८१६ साली तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. त्याच्या कितीतरी आधी, १५८३ मध्ये, ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं होतं. त्यांच्या नजरेचं मला फार कौतुक वाटतं.

आता तुली. हे रूप 'उचलणे, पेलणे' अर्थाच्या दुसऱ्याच धातूचं आहे. संस्कृत 'तुला' आणि मराठी 'तोलणे' त्याच कुळातले. प्लाउतुस या प्राचीन रोमन नाटककाराच्या नाटकांत ते 'तेतुली' असंही येतं, म्हणजे संस्कृतासारखी धातूची द्विरुक्ती तिथे टिकून आहे. लातुम आधी 'त्लातुम' होतं, पुढे आरंभीचा 'त' गळला. म्हणजे तुली आणि लातुम सख्खी भावंडं. धातू तीन नाहीत, दोनच!

पण दुसरा धातू लागला कशाला? कारण धातूच्या अर्थामध्ये आहे. फेरो आणि भरति यांचा मूळ धातू 'भृ' चालू राहणारी क्रिया दाखवायचा: ओझं घेऊन चालत राहणं. क्रिया पुरी झाली हे सांगायला भाषेने दुसरा धातू शोधला. ग्रीकमध्येही याच अर्थाच्या 'फेरो'चा भविष्यकाळ 'ओइसो' आणि भूतकाळ 'एनेन्का' असा परका आहे. संस्कृतने मात्र 'बभार', 'भृत' अशी रूपं त्याच धातूपासून घडवली. मराठीत 'जातो' हे 'या' धातूचं आणि 'गेला' हे 'गम्'चं. तोंडात सतत असल्यामुळे ही विजोड जोडी मोडली नाही.

इंग्रजीतून आपल्याकडे आलेले 'ट्रान्सफर' आणि 'ट्रान्सलेशन' हे शब्दही याच क्रियापदाचे: पहिला फेर्रेच्या बाजूचा, दुसरा लातुमच्या.