फ्लॅश कार्ट्रिज: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर कसं वापरायचं

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानातर्फे, जुनी गेम मशीन सांभाळून ठेवलेल्या ग्राहकांसाठी

सुट्ट्या जवळ आल्या की जालना, परभणी, लातूरकडून ठरलेली विचारणा येते: "ते मेमरी कार्डवालं कॅसेट भेटतं का? त्यात सगळे गेम बसतेत म्हणं." भेटतं, त्यालाच फ्लॅश कार्ट्रिज म्हणतात. पण फोनवर आम्ही लगेच किंमत सांगत नाही. मशीन कोणतं, अडॅप्टर कोणता, टीव्ही कोणता, हेच विचारत बसतो. काहींना वाटतं, दुकानदार टाळतोय. तसं नाही. कोणतं कार्ट्रिज घ्यायचं हे तुमचं मशीन ठरवतं, आणि बऱ्याचदा पहिला खर्च मशीनवरच करावा लागतो. त्याची कारणं प्रत्येकाला फोनवर सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

आत काय असतं

जुन्या कॅसेटमध्ये गेम चिपवर कायमचा कोरलेला असतो. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये त्या चिपच्या जागी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी मेमरी आणि एसडी कार्डाची खाच असते. चांगल्या कार्ट्रिजमध्ये शिवाय एफपीजीए नावाची चिप असते. पडद्यावरच्या यादीतून गेम निवडला की फाइल कार्डावरून मेमरीत उतरते आणि पुढे मशीन ती खऱ्या कॅसेटसारखीच वाचतं. हा इम्युलेटर, म्हणजे मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, नव्हे. गेम तुमच्याच मशीनच्या प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे मशीनचे दोषही जसेच्या तसे राहतात. चित्र हलत असेल तर ते कार्ट्रिज बदलल्याने थांबणार नाही.

एफपीजीए कशासाठी, तर फेमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या मशीनच्या बऱ्याच कॅसेटमध्ये गेमच्या चिपखेरीज मॅपर म्हणून आणखी एक सर्किट असायचं आणि ते गेमगणिक वेगळं असायचं. एफपीजीए गेमप्रमाणे त्या त्या मॅपरचं रूप घेते. सुपर निन्टेन्डोचं प्रकरण याहून अवघड. 'स्टार फॉक्स'च्या कॅसेटमध्ये सुपर एफएक्स ही चिप आहे, 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये डीएसपी. स्वस्त कार्ट्रिज या चिपांची नक्कल करू शकत नाही, म्हणून यादीत गेमचं नाव दिसतं आणि निवडल्यावर पडदा काळा होतो. ठरावीक गेमसाठीच कार्ट्रिज घेणार असाल तर त्या गेमचं नाव आधी सांगा.

'९९९९ इन १' ही आपली जुनी पिवळी कॅसेट या प्रकारात येत नाही. तिच्यात मोजकेच गेम नावं बदलून फिरवलेले असतात आणि नवीन काही टाकता येत नाही. तिला फ्लॅश कार्ट्रिज म्हणून विकणारे आहेत. एसडी कार्डाची खाच दिसली नाही तर पैसे देऊ नका.

तुमच्याकडचं मशीन नेमकं कोणतं

मराठवाड्यातल्या घरांमधून आमच्याकडे येणारी बहुतेक मशीन मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांची असतात. ही सगळी १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फेमिकॉमची भावंडं, म्हणजे क्लोन. यांचा स्लॉट ६० पिनांचा. एनईएस म्हणजे फेमिकॉमचंच अमेरिकेत विकलं गेलेलं रूप, त्याचा ७२ पिनांचा. ऑनलाइन मागवताना 'एनईएससाठी' एवढंच वाचून लोक ७२ पिनांचं कार्ट्रिज घेतात आणि ते बसत नाही. एव्हरड्राइव्ह एन८ या नावाजलेल्या कार्ट्रिजचे फेमिकॉम आणि एनईएस असे दोन वेगळे प्रकार आहेत. तुमच्याकडे मीडियासारखं मशीन असेल तर फेमिकॉमचा प्रकार बघा.

बसलं म्हणजे चाललं असंही नाही. क्लोनमध्ये खर्च वाचवायला स्लॉटच्या काही पिना आत जोडलेल्याच नसतात, आणि सगळं मशीन एकाच चिपवर उतरवलेलं असतं. साध्या कॅसेटला त्याने फरक पडत नाही, एफपीजीएच्या कार्ट्रिजला पडतो. क्लोनवर चालेलच अशी हमी कार्ट्रिज बनवणारेही देत नाहीत. म्हणून मशीन दुकानात आणा, आमच्याकडचं कार्ट्रिज लावून बघू, चाललं तरच पुढचं बोलू. या तपासणीचे पैसे घेत नाही.

सेगा मेगा ड्राइव्हवाल्यांना एवढा त्रास नाही. खरं मशीन असेल तर चांगलं कार्ट्रिज सहसा पहिल्या फटक्यात चालतं आणि त्यावर सेगाच्याच जुन्या मास्टर सिस्टिमचे गेमही चालतात. प्लेस्टेशन, सॅटर्न, ड्रीमकास्ट ही सीडीची मशीन आहेत. त्यांना कार्ट्रिज नव्हे, तर सीडी ड्राइव्हच्या जागी बसणारं वेगळं सर्किट लागतं. ते काम करतो, पण ते या पत्रकात नाही.

अडॅप्टरवर सगळ्यात जास्त बोलायचं कारण

कार्ट्रिज खराब निघालं म्हणून जे परत येतात, त्यांच्यात दोष बहुतेक वेळा अडॅप्टरचा सापडतो. एफपीजीएचं कार्ट्रिज जुन्या कॅसेटपेक्षा जास्त करंट खातं. मशीनबरोबर आलेला तीनशे मिलिअँपियरचा हलका अडॅप्टर त्याला पुरत नाही. तीन एचपीच्या केबलवर पाच एचपीची मोटार टाकल्यासारखं होतं: यादी दिसते, गेम सुरू होताना चित्र थरथरतं आणि मशीन पुन्हा पहिल्या पडद्यावर येतं. ९ व्होल्टचा, निदान एक अँपियरचा नीट अडॅप्टर घेतला की निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

बाजारात ३ ते १२ व्होल्टचं बटण असलेला अडॅप्टर मिळतो, तो या कामाला नको. बटण चुकून १२ वर गेलं की मशीनमधला रेग्युलेटर, म्हणजे आतल्या सर्किटला ५ व्होल्ट देणारा भाग, वरचे सात व्होल्ट नुसत्या उष्णतेत घालवतो. मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते, त्यात तो किती वेळ तग धरणार?

पिनेचं प्लस-मायनस हा दुसरा घोळ. मूळ फेमिकॉम आणि मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधली पिन मायनस लागते, मेगा ड्राइव्हच्या दुसऱ्या मॉडेलला प्लस. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, तो फेमिकॉमला लावला तर आतले भाग जळतात. क्लोनमध्ये कंपनीगणिक फरक असतो, म्हणून मशीनच्या खालची खूण वाचा. पुसली असेल तर आम्ही मीटरने बघून स्टिकर लावून देतो.

परदेशातून मशीन आणलं असेल त्यांनी हे आवर्जून वाचावं. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकन १२० चा. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावला की तो गेलाच. भाच्याने टोकियोहून आणलेलं मशीन असो की पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेलं, मूळ अडॅप्टर बाजूला ठेवा आणि इथला घ्या.

टीव्हीचं थोडक्यात. जपानी मशीन एनटीएससी पद्धतीचं चित्र देतं, आपल्याकडचे जुने डबा टीव्ही पाल पद्धतीचे. चित्र काळंपांढरं दिसलं किंवा वर सरकत राहिलं तर कार्ट्रिजला दोष देऊ नका, नव्या एलसीडीला लावून बघा. मूळ जपानी फेमिकॉमला तर फक्त अँटेनाची वायर असते आणि त्याची चॅनल आपल्या टीव्हीवर लागत नाहीत. त्यात एव्ही बसवून घ्यावं लागतं. आणि बंदूक: 'डक हंट' कार्ट्रिजवर चालतो, पण बंदूक फक्त डबा टीव्हीवरच नेम ओळखते. एलसीडीवर बदकं नुसती उडत राहतील.

स्वस्त आणि चांगलं यात फरक कुठं

बहुतेक जुनी मशीन ५ व्होल्टवर चालतात, आजच्या मेमरी चिपा ३.३ व्होल्टवर. चांगल्या कार्ट्रिजमध्ये या दोघांच्या मध्ये व्होल्टेज जुळवणाऱ्या लेव्हल शिफ्टर चिपा असतात. स्वस्त नकलेत त्या गाळून ३.३ ची चिप सरळ ५ व्होल्टच्या लायनीला जोडलेली असते. ती चालते, हीच अडचण आहे. चालते म्हणून लोक समाधानी असतात, पण चिप रोज तिच्या मर्यादेबाहेर राबत असते आणि ताण मशीनवरही येतो. कार्ट्रिज पुन्हा मिळेल, वडिलांनी घेऊन दिलेलं मशीन नाही मिळणार. तुम्ही बाहेरून घेतलेलं कार्ट्रिजही आणा, आम्ही खोलून दाखवतो.

कार्ट्रिजच्या सर्किटची जी पट्टी स्लॉटमध्ये जाते, तिची जाडीही बघायची असते. एनईएस आणि सुपर निन्टेन्डोच्या स्लॉटला १.२ मिलिमीटरची पट्टी लागते. नकलेत सरसकट १.६ ची असते. ती घट्ट बसते म्हणून लोकांना बरी वाटते, पण स्लॉटच्या पिना फाकवते आणि मग मूळ कॅसेट सैल बसायला लागतात.

गेमबॉयवाल्यांसाठी वेगळी सूचना. गेमबॉय आणि गेमबॉय कलरची कॅसेट ५ व्होल्टची, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची ३.३ ची. अ‍ॅडव्हान्सच्या स्लॉटमधला छोटा स्विच कॅसेटच्या आकारावरून ते ओळखतो. त्यामुळे गेमबॉयचं फ्लॅश कार्ट्रिज अ‍ॅडव्हान्समध्ये नीट चालतं. अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजवर मात्र जुने गेमबॉय गेम फक्त इम्युलेटरमधून चालतात. दोन्ही खेळायचे असतील तर दोन कार्ट्रिजं घेणं बरं.

परदेशातून स्वतः मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी वरून लागतो आणि कुरिअरवाले ओळखीची कागदपत्रं मागतात. वेबसाइटवरची किंमत ही पूर्ण किंमत समजू नका.

मेमरी कार्ड

"२५६ जीबीचं टाकून द्या" हे वाक्य रोज ऐकतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा पूर्ण गेम ४० किलोबाइटचा आहे. निन्टेन्डो ६४ चा मोठ्यात मोठा गेम ६४ मेगाबाइटचा. ८ किंवा १६ जीबीचं कार्ड आयुष्यभर पुरतं. ३२ च्या वर जाऊच नका, कारण ६४ पासूनची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि बहुतेक कार्ट्रिजांना फॅट३२ लागतं.

कार्ड नामांकित कंपनीचं, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. खोटी कार्डं भरपूर आहेत. आत ४ जीबी आणि वर ३२ चं लेबल, चार भरेपर्यंत काही कळत नाही. संगणकावर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं मोफत साधन आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचतं आणि खरी जागा सांगते. आम्ही विकतो ती कार्डं अशी तपासलेली असतात. एकाच फोल्डरमध्ये शेकडो फाइली कोंबू नका, यादी उघडायला वेळ लागतो.

कार्ट्रिजच्या सॉफ्टवेअरचं अपडेट त्या त्या बनवणाऱ्याचंच टाका. मूळ कंपनीचं अपडेट नकलेवर टाकलं तर कार्ट्रिज बंद पडू शकतं आणि ते वॉरंटीत येत नाही.

खेळता खेळता लाइट गेली तर

हा आपल्याकडचा खास प्रश्न. तुम्ही गेममध्ये सेव्ह केलं की ते आधी कार्ट्रिजच्या मेमरीत जातं, एसडी कार्डावर नंतर उतरतं. काही मॉडेलमध्ये बटण सेल असतो, त्यामुळे लाइट गेली तरी सेव्ह टिकतं आणि पुढच्या वेळी मशीन चालू केलं की कार्डावर लिहिलं जातं. ज्यांत सेल नाही, त्यांत मशीन बंद करण्याआधी रीसेट दाबून यादीवर यावं लागतं. न दाबता लाइट गेली, तर त्या दिवसाचा खेळ गेला. आपल्या भागात सेलवालं मॉडेल घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे, दोन पैसे जास्त गेले तरी.

लाइट गेल्यावर मशीनचा स्विच बंद करा. परत येताना व्होल्टेज उसळतं आणि तो पहिला झटका जुन्या मशीनला सोसत नाही. काही जण राउटरचा छोटा यूपीएस लावतात. तो सहसा १२ व्होल्टचा असतो, लावू नका. घरच्या इन्व्हर्टरवर चालवलं तर हरकत नाही.

गेम आम्ही भरून देत नाही

यावरून दुकानात सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून लिहून ठेवतो. कार्ट्रिज विकणं वेगळं, दुसऱ्याचे गेम त्यात भरून विकणं वेगळं. गेम जुना झाला म्हणून मोकळा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये एवढी सवलत आहे की ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, त्याने ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून तात्पुरती राखीव प्रत काढावी. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला कलम ६३ब मध्ये शिक्षा आहे. शेजारच्या दुकानात भरून देतात हे आम्हाला माहीत आहे. आम्ही देत नाही.

करता येण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. तुमच्या स्वतःच्या कॅसेट असतील तर त्या वाचून फाइल काढणारं यंत्र आमच्याकडे आहे. कॅसेट घेऊन या, समोर बसून तुमच्या कार्डावर प्रत घ्या. जुन्या कॅसेटमधला सेल संपत आला असेल तर आधी सेव्ह काढून घेऊ, मग सेल बदलू. उलट केलं तर सेव्ह पुसतं.

दुसरं म्हणजे आजही या मशीनसाठी नवे गेम बनतात. फेमिकॉम-एनईएससाठीचा 'मायक्रो मेजेस' २०१९ चा आहे आणि तोही ४० किलोबाइटातच बसवलाय, तो विकत मिळतो. गेमबॉयचा 'टोबू टोबू गर्ल' मोफत आहे. आणि इंजिनिअरिंगची पोरं येतात त्यांना आम्ही सांगतो, जीबी स्टुडिओ हे मोफत साधन उतरवा आणि स्वतःचा गेम बनवा. प्रोग्रामिंग फारसं न येताही बनतो. स्वतः केलेला गेम खऱ्या गेमबॉयवर चालताना बघणं, यासाठी फ्लॅश कार्ट्रिजसारखी दुसरी सोय नाही.

साफसफाई

फुंकर मारू नका. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि कालांतराने गंज चढतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाच्या काडीला लावून पट्टी पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. रॉकेल, पेट्रोल, पॉलिश पेपर यातलं काही नको. कार्ट्रिज लावताना-काढताना मशीन बंदच हवं. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

वॉरंटी आणि पार्सल

आमच्याकडून घेतलेल्या कार्ट्रिजला सहा महिने. चुकीच्या अडॅप्टरने जळालेलं धरत नाही, ते खोलल्यावर दिसतं. बीड, नांदेड, हिंगोली, धाराशिवकडून मशीन पाठवणाऱ्यांनी एसटी पार्सलने पाठवलं तरी चालेल, फक्त कार्ट्रिज स्लॉटमधून काढून वेगळं गुंडाळा आणि मेमरी कार्ड घरीच ठेवा. मशीनसोबत तुम्ही रोज वापरता तोच अडॅप्टर पाठवा, नवा नको. तपासणी त्यावरच करायची असते.