बीएमआय २२, मग हे पोट कुणाचं?

“बीएमआय पंचवीसच्या आत आहे ना, मग काळजी नाही.” मालवणपासून रत्नागिरीपर्यंत ऐकू येणारं हे वाक्य चुकीचं आहे.

बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) हा उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. स्नायू किती, चरबी किती, ती साठली कुठे, हे त्याला कळत नाही. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारा, १६५ सेंटिमीटर उंच, ७१ किलोचा गडी घ्या: बीएमआय २६, म्हणजे कागदावर लठ्ठ. तेवढ्याच उंचीचा, ६० किलोचा, दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार. हातपाय काटकुळे, पोट मात्र शहाळ्यासारखं. त्याचा २२, म्हणे नॉर्मल!

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतीयांसाठी २३ पासूनच जादा वजन धरतात, २५ पासून लठ्ठपणा, ते याच कारणाने.

आकडा अगदीच टाकाऊ नाही. गावभरच्या तपासणीला तो स्वस्त नि सोपा. पण सोबत कमरेला टेप लावा. पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर भरली, तर रक्तातली साखर तपासून घ्या, बीएमआय काहीही असो.