भाव 4 टक्के वाढला म्हणजे 4 टक्के सुटले, असं नाही

शेअरचा भाव किती टक्के वाढला आणि आपल्या पैशावर किती टक्के सुटले, हे दोन वेगळे आकडे आहेत. सौदा मोठा असेल तर दोन्ही जवळजवळ सारखे येतात, म्हणून ते एकच वाटतात. सौदा छोटा झाला की दलाली त्यांच्यात मोठं अंतर पाडते.

समजा, 250 च्या भावाने 20 शेअर घेतले आणि 260 ला विकले. ब्रोकर प्रत्येक ऑर्डरला ठोक 20 घेतो. खरेदीला 5000 अधिक 20, म्हणजे 5020 गेले. विक्रीचे 5200 आले, त्यातून 20 वजा जाऊन हातात 5180 पडले. नफा 200 नव्हे, 160. भाव 4 टक्के वाढला, पण परतावा सुमारे 3.19 टक्के. इथे 160 ला 5020 ने भागायचं, 5000 ने नाही. दलालीही आपल्याच खिशातून गेलेली असते.

हाच सौदा 200 शेअरचा असता तर परतावा 3.92 टक्के आला असता. आणि फक्त 4 शेअरचा असता तर शून्य: भावातून 40 मिळाले, दोन दलाल्यांत 40 गेले.

म्हणून ऑर्डर टाकण्याआधीच ना-नफा-ना-तोट्याचा भाव काढावा. ठोक दलालीत दोन्ही बाजूंची दलाली मिळवून शेअरच्या संख्येने भागायची आणि खरेदीच्या भावात घालायची. 20 शेअरला तो 252 येतो, 4 शेअरला थेट 260. अ‍ॅपमधला सरासरी खरेदी भाव बहुधा दलाली न धरता दाखवलेला असतो, त्यामुळे 251 ला हिरवा आकडा दिसला तरी विकल्यावर तोटाच होतो.

दलाली टक्केवारीने असेल तर गणित बदलतं. दोन्ही बाजूंना 0.5 टक्के धरले तर 250 × 1.005 ÷ 0.995, म्हणजे साधारण 252.51. शेअर 4 असोत की 200, हा भाव तोच राहतो. मात्र ‘0.5 टक्के किंवा किमान 20, यांपैकी जे जास्त’ अशी अट असेल, तर 4000 पेक्षा लहान ऑर्डरवर ती ठोक दलालीच असते. दरपत्रकातली ही ओळ टक्केवारीपेक्षा आधी वाचावी.

नफा कमी होतो एवढं बहुतेकांच्या लक्षात येतं. तोटा वाढतो हे निसटतं, आणि खरं नुकसान तिथे होतं. तेच 20 शेअर 240 ला विकावे लागले तर तोटा 200 नाही, 240. म्हणजे टार्गेट (नफा घेऊन विकायचा भाव) आणि स्टॉप-लॉस (तोटा थांबवायला विकायचा भाव) दोन्ही 10 च्या अंतरावर ठेवले, तरी जिंकल्यावर 160 मिळतात आणि हरल्यावर 240 जातात. दहापैकी पाच सौदे जिंकूनही एकूण 400 चा तोटा. नुसतं बरोबरीत राहायला दहापैकी सहा जिंकावे लागतात. छोटे सौदे वारंवार करणाऱ्याचा अंदाज चुकीचा नसतानाही खातं झिजतं, ते यामुळे.

टप्प्याटप्प्याने विकतानाही सावध राहा. 20 शेअर एकदम घेऊन दहा-दहा करून विकले तर ऑर्डरी तीन, दलाली 60, आणि ना-नफा-ना-तोट्याचा भाव 252 वरून 253. काही ब्रोकर एकच ऑर्डर दोन दिवसांत तुकड्यांनी पुरी झाली तर प्रत्येक दिवसाची दलाली वेगळी लावतात. थोड्या शेअरसाठी नफा टप्प्याने काढणं म्हणूनच बहुधा महागात पडतं.

शून्य दलालीतही खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर उरतंच. घेताना 250.25 आणि त्याच क्षणी विकताना 249.75 मिळत असेल, तर 20 शेअरमागे 10 गेलेच. फरक इतकाच, की ते दलालीच्या रकान्यात दिसत नाहीत. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये हे अंतर दलालीपेक्षाही मोठं असू शकतं. तिथे मिळेल त्या भावाच्या मार्केट ऑर्डरऐवजी भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाकावी.