लिनक्सवर लो लेटन्सी आली कुठून: ऑडिओवाले आणि कर्नेल यांची पंचवीसेक वर्षं

आज लिनक्सचा कुठलाही नवा डिस्ट्रो (तयार संच) टाका, यूएसबी ऑडिओ इंटरफेस जोडा, आर्डर नाहीतर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडा, बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) १२८ वर ठेवा आणि गिटार वाजवायला घ्या, बहुतेक वेळा चालतं, वाजवणं आणि ऐकू येणं यातला उशीर म्हणजे लेटन्सी जाणवत नाही. इथपर्यंत यायला पंचवीसेक वर्षं गेलीत, आणि त्यातलं निम्मं काम संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेलंच नाही, ते खुद्द कर्नेलच्या म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या आत झालंय. नवीन माणूस आला की त्याच्या अंगावर अल्सा, जॅक, पल्सऑडिओ, पाइपवायर, आरटी कर्नेल अशी सगळी नावं एकदम येतात आणि साधा आवाज काढायला इतकं कशाला असं वाटतं, ते साहजिक आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलीय आणि कशानंतर काय आलं ते एकदा कळलं की सेटिंग्जमधले आकडे पाठ करावे लागत नाहीत, म्हणून सगळं सलग लिहितोय.

आधी हिशोब. साउंड कार्ड ४८,००० हर्ट्झवर चालतंय म्हणजे सेकंदाला ४८,००० फ्रेम्स (सॅम्पल्स, म्हणजे आवाजाचे नमुने) हाताळतंय आणि बफर ६४ फ्रेम्सचा आहे, तर दर १.३३ मिलिसेकंदाला कार्ड पुढचा तुकडा मागणार. १२८ केलं तर २.६७, १०२४ केलं तर २१.३. आत येणारा एक तुकडा आणि बाहेर जाणारे दोन धरले तर १२८ वर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद होतात, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचं थोडं. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद उशीर हा साडेतीन मीटरवर ठेवलेल्या अँपसमोर वाजवण्यासारखा, गिटारवाल्याला तो सहज चालतो. वीस-तीसच्या पुढे गेलं की हात अडखळायला लागतो.

खरी मेख मात्र पुढे आहे. कॉम्प्युटर सरासरी किती पटकन काम करतो याला इथे काडीची किंमत नाही. हजार तुकडे वेळेत दिले आणि एक हजार एकावा अर्धा मिलिसेकंद उशिरा दिला तरी रेकॉर्डिंगमध्ये खट्ट आवाज येतो, त्याला एक्सरन म्हणतात, आणि नेमका चांगला टेक चालू असताना आला तर तो टेक गेला. ऑडिओला लागते ती हमी, सगळ्यात वाईट क्षणीसुद्धा वेळ पाळण्याची. आणि नव्वदच्या दशकातला लिनक्स त्या हमीसाठी बनलेलाच नव्हता, तो सर्व्हरसाठी चांगला होता, एकूण काम जास्तीत जास्त कसं उरकेल हे बघणारा.

सुरुवात अगदी साधी होती. १९९२ मध्ये फिनलंडच्या हानू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टरसाठी ड्रायव्हर लिहिला आणि त्यातून ओएसएस म्हणजे ओपन साउंड सिस्टिम उभी राहिली. तिची पद्धत युनिक्सच्या वळणाची, साउंड कार्ड म्हणजे एक फाइल, उघडायची आणि तिच्यात सॅम्पल्स लिहीत सुटायचं. गाणं ऐकायला उत्तम. पण बहुतेक कार्डांवर ती फाइल एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकायचा, दुसरा आला की त्याला थांबावं लागायचं किंवा तो सरळ एरर द्यायचा. त्यावर उपाय म्हणून डेस्कटॉपवाल्यांनी मध्ये साउंड सर्व्हर घातले, ग्नोमने ईएसडी आणि केडीईने आर्ट्स, आणि त्यांच्यामुळे उशीर अजून वाढला.

१९९८ च्या आसपास चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा सुरू केलं. त्यांना ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड हे कार्ड नीट वापरायचं होतं, तिथून हा सगळा पसारा निघाला. अल्सामध्ये एकाच वेळी आत-बाहेर, खूप चॅनेल, मिडी (वाद्यांच्या सुरांचे संदेश), बफरचा आकार प्रोग्रॅमने ठरवायचा, हे सगळं आलं आणि स्टुडिओतल्या कार्डांचे ड्रायव्हर लिहिणं शक्य झालं. २००२ मध्ये ते २.५ च्या डेव्हलपमेंट कर्नेलमध्ये गेलं आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ बरोबर सगळ्यांना मिळालं, तोवर २.४ वर असाल तर ते वेगळं आणून कंपाइल करत बसायचं.

पण ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी कर्नेलच वेळेवर सोडत नसेल तर काय करणार. त्या काळच्या कर्नेलमध्ये एखादी प्रोसेस कर्नेलच्या आत शिरली की तिचं काम संपेपर्यंत किंवा ती आपणहून बाजूला होईपर्यंत तिला कोणी हटवू शकत नव्हतं. डिस्कवर मोठी फाइल लिहिली जातेय, मेमरी साफ होतेय, अशा वेळी बिचारा ऑडिओचा थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) सगळ्यात वरची प्रायॉरिटी घेऊन बाहेर उभा. १९९९ मध्ये बेनो सेनोनर यांनी लेटन्सीटेस्ट नावाचा प्रोग्रॅम लिहिला, त्यात डिस्क, ग्राफिक्स वगैरेवर मुद्दाम लोड टाकून ऑडिओचा थ्रेड किती उशिरा जागा होतो ते मोजायचं आणि आलेख काढायचा. मला या सगळ्या इतिहासात हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्याआधी सगळं "माझ्याकडे तुटतंय, तुझ्याकडे नाही" असं चाललेलं. आलेख समोर आल्यावर वाद घालायला जागा उरली नाही, कुठल्या कामाच्या वेळी सुळका वर जातो ते डोळ्यांना दिसायचं.

कर्नेल डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी त्यावर पॅच (कोडमध्ये लावायची दुरुस्ती) काढला. कर्नेलमध्ये जिथे जिथे लांबलचक लूप आहेत तिथे मध्ये मध्ये थांबून "कोणी महत्त्वाचं वाट बघतंय का" असं विचारायची जागा करून दिली. लोडखाली शंभरेक मिलिसेकंदांपर्यंत जाणारा उशीर काही थोड्या मिलिसेकंदांवर आला. २००० मध्ये ऑडिओ डेव्हलपर्सनी मिळून एक संयुक्त पत्र लिहिलं, की हे मुख्य कर्नेलमध्ये घ्या, नाहीतर लिनक्स संगीतासाठी निरुपयोगी राहील. ते तसं घेतलं गेलं नाही. यात कर्नेलवाल्यांची बाजूही समजण्यासारखी आहे, कोडभर विखुरलेल्या अशा जागा सांभाळायच्या कोणी आणि उद्या नवीन लूप आला की त्यात ही जागा करायची आठवण कोण ठेवणार. २.४ साठी अँड्र्यू मॉर्टन यांनी तसा पॅच सांभाळला आणि ऑडिओवाले तो लावून स्वतःचे कर्नेल बनवत राहिले. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यासाठी स्टॅनफर्डच्या प्लॅनेट सीसीआरएमएसारखे तयार पॅकेजेसचे संग्रह होते.

सुटका झाली ती एका हुशार युक्तीने. एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या मशीनसाठी कर्नेलमध्ये नाजूक जागांवर लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे) आधीच लावलेले होते. रॉबर्ट लव्ह यांच्या प्रीएम्प्ट (चालू काम मध्येच थांबवणं) पॅचचं म्हणणं असं की मग ज्या वेळी लॉक धरलेला नाही त्या वेळी कर्नेलच्या आतल्या कामालाही थांबवायला काय हरकत आहे, नाजूक जागा तर आखलेल्याच आहेत. म्हणजे नवीन खुणा कुठेही करायच्या नाहीत, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या खुणा वापरायच्या. २००२ च्या सुरुवातीला हे २.५.४ मध्ये घेतलं गेलं. आजही कर्नेलच्या कॉन्फिगमध्ये प्रीएम्प्टचे जे पर्याय दिसतात त्यांची मुळं इथे आहेत.

याच सुमाराला दुसऱ्या बाजूने पॉल डेव्हिस काम करत होते. हे अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमरपैकी एक, तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी आर्डर हे मल्टिट्रॅक रेकॉर्डर लिहायला घेतलं. आर्डरच्या आतलं ऑडिओचं इंजिन वेगळं काढून त्याचं जॅक झालं. कल्पना अशी की प्रत्येक प्रोग्रॅमने कार्डशी स्वतः झटापट करायची नाही, सर्व्हर एकच असेल आणि तोच प्रत्येकाला वेळ आली की बोलावेल. ओएसएसमध्ये प्रोग्रॅम त्याच्या सवडीने डेटा ढकलायचा, जॅकमध्ये उलट झालं.

हे जरा जवळून बघू. ६४ फ्रेम्स, १.३३ मिलिसेकंद. कार्डचा इंटरप्ट (काम आहे अशी हाक) येतो, जॅक जागा होतो, साखळीतल्या पहिल्या प्रोग्रॅमला उठवतो, समजा सिंथला. सिंथ ६४ सॅम्पल्स शेअर्ड मेमरीत लिहितो आणि रिव्हर्बला उठवतो, रिव्हर्ब आपलं करून आर्डरला उठवतो, आर्डर मिक्स करून परत देतो, आणि हे सगळं पुढचा इंटरप्ट यायच्या आत. साखळीत तीन प्रोग्रॅम असले तरी उशीर तीनपट होत नाही, कारण सगळे त्याच एका फेरीत उरकतात. त्याच्या बदल्यात नियम कडक आहेत, त्या थ्रेडमध्ये मेमरी मागायची नाही, फाइल लिहायची नाही, कुठल्या लॉकसाठी थांबायचं नाही. म्हणून रेकॉर्ड होणारा आवाज आधी रिंगबफर या मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत टाकतात आणि डिस्कवर लिहिण्याचं काम दुसरा थ्रेड निवांत करतो. लिनक्सवरच्या ऑडिओ प्रोग्रॅमिंगला ही शिस्त जॅकने लावली असं मी मानतो, आणि अल्साच्या खालोखाल त्याचंच ऋण सगळ्यात मोठं आहे. पुढे लियोंच्या ग्राम या संस्थेतल्या स्टेफान लेट्झ यांनी जॅक २ लिहिलं, त्यात एकमेकांवर अवलंबून नसलेले प्रोग्रॅम वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालायला लागले.

मग परवानगीचा प्रश्न. रिअलटाइम प्रायॉरिटी फक्त रूटला म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याला मिळायची, कारण तशा थ्रेडने अनंत लूप धरला तर मशीन गोठतं. म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचं तर अख्खा स्टुडिओ रूट म्हणून चालवा. ऑडिओवाल्यांनी त्यासाठी एक सिक्युरिटी मॉड्यूल लिहिलं, रिअलटाइम एलएसएम, ते मुख्य कर्नेलमध्ये घेतलं गेलं नाही, बरीच वादावादी झाली आणि शेवटी २००५ मध्ये २.६.१२ मध्ये वेगळा मार्ग आला, युजरनुसार किंवा ग्रुपनुसार मर्यादा ठरवून द्यायचा. लिमिट्सच्या फाइलमध्ये ऑडिओ ग्रुपसाठी आरटीप्रायो ९५ आणि मेमलॉक अनलिमिटेड अशा दोन ओळी लिहायला सांगतात ना, त्या इथून आल्या. पहिली ओळ प्रायॉरिटी मागायची मुभा देते, दुसरी प्रोग्रॅमची मेमरी रॅममध्ये खिळवून ठेवू देते, म्हणजे ऐन वेळी ती डिस्कवरच्या स्वॅपमधून ओढत आणायला लागत नाही. या दोन ओळी नुसत्या कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं की त्यांच्यासाठी माणसं भांडलीयत.

२००४ मध्ये मोल्नार यांनी पुन्हा काम हातात घेतलं आणि त्यातून प्रीएम्प्ट-आरटी (आरटी म्हणजे रिअलटाइम) जन्माला आलं. सुरुवातीला टेस्ट करणाऱ्यांत जॅक चालवणारे ऑडिओवाले पुढे होते, एक्सरन आला की ट्रेस पाठवायचा आणि नवीन पॅच यायचा, असं चक्र चाललेलं. नंतर थॉमस ग्लाइक्स्नर आणि स्टीव्हन रोस्टेड यांच्यासारख्यांनी ते वर्षानुवर्षं ओढलं. आरटीमध्ये इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये जातं, त्यामुळे साउंड कार्डाच्या इंटरप्टला नेटवर्कच्या वर बसवता येतं, आणि बहुतेक लॉकसुद्धा मध्येच थांबवता येतात. हे एकदम विलीन झालं नाही, तुकड्या-तुकड्याने आत गेलं. हाय रेझोल्यूशन टायमरचा पाया २००६ मध्ये २.६.१६ ला, थ्रेडवाले इंटरप्ट २००९ मध्ये २.६.३० ला. २०११ च्या २.६.३९ मध्ये थ्रेडआयआरक्यूज हा बूट पर्याय आला आणि तेव्हापासून साध्या कर्नेलवरही १२८ किंवा ६४ वर आरामात काम करता यायला लागलं. बहुतेकांना पॅच केलेला आरटी कर्नेल लागेनासा झाला तो यामुळे.

उरलेला भाग फार रेंगाळला, शेवटी अडून बसला होता तो कर्नेलचे मेसेज छापणारा प्रिंटके. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाला ग्लाइक्स्नर यांनी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना पुल रिक्वेस्ट (कोड आत घ्यायची विनंती) कागदावर छापून, सोनेरी कागदात गुंडाळून हातात दिली, आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नेलचा भाग झालं. २००४ ते २०२४. हे वाचलं त्या दिवशी मला खरंच भरून आलं होतं. तोवर त्याचे मुख्य ग्राहक कारखान्यातली यंत्रं वगैरे झाले होते हे खरं, पण पहिल्या रांगेत संगीतवाले होते.

डेस्कटॉपची गोष्ट मात्र वेगळ्याच दिशेने गेलेली. लेनार्ट पोएटरिंग यांचं पल्सऑडिओ फेडोरा ८ पासून म्हणजे २००७ पासून पसरलं, ब्लूटूथ, प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा व्हॉल्यूम, बॅटरी वाचवायला मोठे बफर. जॅकला पाहिजे ते सगळं याच्या उलट, आणि कार्ड तर एकच. जॅक सुरू केलं की ब्राउझरचा आवाज बंद, हे कित्येक वर्षं चाललं आणि यामुळे किती लोक कंटाळून परत गेले असतील. दोघांत ताबा देण्या-घेण्याची सोय नंतर झाली, पण ती जोडाजोडच होती.

त्यावर उत्तर आलं पाइपवायर. रेड हॅटमधले विम टायमन्स, जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकांपैकी एक, यांनी ते आधी व्हिडिओसाठी सुरू केलं होतं, नंतर ऑडिओ त्यात आला. जॅकसारखीच ग्राफची फेरी, पण बफर चालू असतानाच बदलतो, त्याला तिथे क्वांटम म्हणतात. नुसतं गाणं ऐकताय तर १०२४, आर्डर उघडून १२८ मागितलं तर सगळा ग्राफ १२८ वर. पल्सऑडिओ आणि जॅक दोन्हींचे प्रोग्रॅम न बदलता चालतात. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते डीफॉल्ट केलं, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये १.० आलं.

आता जे अडतं ते बहुतेक कर्नेलच्या बाहेर अडतं. मदरबोर्डचं फर्मवेअर मधूनच प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेतं आणि कर्नेलला त्याचा पत्ताही लागत नाही, लॅपटॉपवर वायफायचा ड्रायव्हर त्रास देतो, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर गाढ झोपतो आणि उठायला वेळ लावतो, एखाद्या इंटरफेसचं राउटिंगचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी नसतंच. म्हणून आज एक्सरन आले तर आरटी कर्नेल शोधत बसण्याआधी सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर टाका, वायफाय बंद करून बघा, इंटरफेस हबमधून काढून सरळ पोर्टला लावा आणि पाइपवायरच्या पीडब्ल्यू-टॉप या कमांडमध्ये कुठल्या प्रोग्रॅमसमोरचा एररचा आकडा वाढतोय तेवढं पाच मिनिटं बघा.