चुसान पाम की कॅमेरॉप्स? देठावरून अंगठा फिरवून बघा

इंग्लंडातल्या कुठल्याही रोपवाटिकेत मे महिन्यात गेलात, तर दारातच कुंडीत पंख्यासारख्या पानांचे पाम मांडलेले दिसतात. आपल्यापैकी कुणाला पालघर-डहाणूकडचे ताड आठवतात आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो. थोडं थांबा. आधी एका पानाचा देठ धरा आणि त्याच्या कडेवरून अंगठा हळूच फिरवा. कड झिजलेल्या करवतीसारखी नुसती खरखरीत लागली, तर तो चुसान पाम, म्हणजे ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनेई. बाभळीच्या काट्यासारखं काही टोचून अंगठा मागे घ्यावा लागला, तर तो कॅमेरॉप्स ह्युमिलिस.

ही परीक्षा मला वेळेवर कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. लंडनमधल्या हॅरोला घर घेतल्यावर मी पहिला पाम आणला, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर फक्त ‘हार्डी फॅन पाम’ एवढंच लिहिलं होतं. ओळखीतल्या एकांच्या बागेत असाच पाम वीस वर्षं उभा होता, थंडीला दाद देत नव्हता, म्हणून मीही निर्धास्त होतो. परसातली एकच जागा मोकळी होती, उत्तरेच्या कुंपणाला लागून. दिवसभर सावली, खाली लंडनची चिकणमाती. तिथे लावला. ओळखीतल्यांचा होता चुसान आणि माझा निघाला कॅमेरॉप्स. ही दोन झाडं दिसायला भावंडं असली तरी त्यांना लागणारं ऊन-पाणी जवळजवळ उलटं आहे.

नावांचा गोंधळ जुना आहे आणि त्यात शास्त्रज्ञांचाही हात आहे. स्कॉटलंडचा वनस्पतिशोधक रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधल्या चुसान बेटावर (आजचं झोउशान) हा पाम पाहिला आणि 1849 च्या सुमारास त्याची रोपं इंग्लंडला पाठवली. 1860 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांनी त्याचं नाव ठेवलं ते ‘कॅमेरॉप्स फॉर्च्युनेई’. म्हणजे चुसान पाम आधी कॅमेरॉप्सच्याच घरात मोजला गेला. लवकरच त्याला ट्रॅकीकार्पस ही वेगळी प्रजाती मिळाली, पण व्यापाऱ्यांच्या जिभेवरचं जुनं नाव गेलं नाही. इटली-स्पेनकडून येणाऱ्या रोपांवर आजही ‘कॅमेरॉप्स एक्सेल्सा’ अशी चिठ्ठी असते आणि आत असतो चुसान पाम. म्हणून मी चिठ्ठीपेक्षा देठावर भरवसा ठेवतो.

अगदी लहान रोपात मात्र देठही मदत करत नाही. बी रुजल्यावर दोघांचीही पहिली पानं साधी, गवतासारखी, चुणीदार पट्टी असतात. पंखा पुढे हळूहळू फाटत जातो. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 साली लावलेला एक कॅमेरॉप्स काचेच्या घरात अजून जिवंत आहे. 1786 मध्ये जर्मन कवी गटे त्याच्यापुढे उभा राहिला आणि साध्या पट्टीपासून पूर्ण पंख्यापर्यंत पानं कशी बदलत जातात हे पाहून थक्क झाला. वनस्पतीचे सगळे अवयव एका पानाचीच रूपं आहेत, या त्याच्या विचाराला त्या झाडाने बळ दिलं. तुमच्या हातातलं रोप त्या पट्टीच्या वयाचं असेल तर विकत घेऊ नका, मोठं बघा.

मोठ्या झाडात फरक डोळ्यांना दिसतो. चुसानचं खोड एकच, सरळ वर जाणारं, आणि त्याच्याभोवती तपकिरी जाळीदार तंतूंचं जाड आवरण. माडाच्या झावळीच्या बुडाशी गोणपाटासारखी जाळी असते ना, तशीच, पण थरावर थर. बोटात धरून ओढली तर थेट काथ्याची आठवण येते. चीनमध्ये या तंतूंचे दोर, झाडू, चटया करतात, आणि शेतकरी त्याची पावसाळी झूल अंगावर घेत. फॉर्च्यूनने ती झूल पाहिली होती. मला ते वाचताना भातलावणीच्या वेळचं कोकणातलं इरलं आठवलं. चुसानची पानं मोठी, जवळजवळ मीटरभर रुंद, टोकं बऱ्याचदा खाली मोडल्यासारखी झुकलेली. कॅमेरॉप्सची पानं लहान, ताठ, बोटं पसरलेल्या तळव्यासारखी. आणि तो एकटा राहत नाही. बुडातून केळीसारखे फुटवे काढत जातो आणि काही वर्षांत झुडूप होतं. नावातच ते आहे. ग्रीकमध्ये ‘खमाई’ म्हणजे जमिनीलगत आणि ‘ऱ्होप्स’ म्हणजे झुडूप.

आता मुख्य मुद्दा थंडीचा. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही ब्रिटनची बागकाम संस्था चुसानला ‘एच 5’ श्रेणी देते, म्हणजे साधारण उणे 10 ते उणे 15 अंशांपर्यंत तग धरणारा. कॅमेरॉप्सला ‘एच 4’, म्हणजे उणे 5 ते उणे 10. दक्षिण इंग्लंडच्या बहुतेक हिवाळ्यांना दोघेही पुरतात. मग कुंपणाशी लावलेला माझा कॅमेरॉप्स का कुजला? कारण आकडा फक्त थंडीचा आहे, ओलाव्याचा त्यात काही हिशेब नाही.

दोघं कुठून आले ते बघा. चुसान मध्य चीनच्या डोंगरातला. तिथे पाऊस उन्हाळ्यात, आपल्यासारखाच मोसमी, आणि हिवाळा थंड पण कोरडा. त्यामुळे त्याला उन्हाळ्यात पाणी हवं, भरपूर हवं. डोंगरउतारावरच्या जंगलात वाढलेला म्हणून अर्धी सावली चालते, जड मातीही चालते, फक्त मुळाशी पाणी तुंबता कामा नये. कॅमेरॉप्स भूमध्य समुद्राच्या पश्चिम काठचा: स्पेन, दक्षिण पोर्तुगाल, सिसिली, सार्डिनिया, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया. युरोपच्या मुख्य भूमीवर रानात आपोआप उगवणारा मूळचा पाम हा एकच. तिथे पाऊस हिवाळ्यातच पडतो हे खरं, पण तो पडतो खडकाळ उतारावर आणि लगेच वाहून जातो. उन्हाळा रखरखीत. त्या उन्हात पानं आणि खोड साखर साठवतात, पक्की होतात, आणि मगच थंडीला तोंड देतात.

हॅरोच्या कुंपणाशी त्याला यातलं काहीच मिळालं नाही. लंडनचा वर्षाचा पाऊस जेमतेम 600 मिलिमीटर, कोकणच्या चार दिवसांचा. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन नसतं, वाळणं नसतं, आणि चिकणमाती भिजलेल्या स्पंजासारखी पाणी धरून बसते. दुसऱ्या फेब्रुवारीत मधला कोंब थोडा फिका दिसला. दोन बोटांत धरून हलकेच ओढला तर तो सरळ बाहेर आला, टोकाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि वास सडलेल्या कांद्याचा. कोकणात माडाचा कोंब कुजणं म्हणतात, तेच.

पामाच्या बाबतीत हे का जीवघेणं, ते सांगायला हवं. आंब्या-चिंचेसारखं पामाचं खोड फांद्या फोडत नाही. प्रत्येक खोडाला वाढीचा शेंडा एकच. माडाचा शेंडा गेंड्या भुंग्याने पोखरला की माड गेला, तसंच. पानं जळून तांबूस झाली तरी हरकत नाही, शेंडा शाबूत असला तर पुढच्या उन्हाळ्यात नवी येतात. बर्फाचं पाणी शेंड्यात साचून गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि मारक ठरतं ते हेच, नुसता पारा नव्हे. म्हणून कडाक्याच्या दिवसांत पानं वर बांधून शेंड्यावर पाऊस अडवणारं काहीतरी ठेवावं, पण हवा खेळती राहू द्यावी आणि थंडी ओसरली की काढून टाकावं. प्लॅस्टिकमध्ये महिनोन्महिने गुंडाळलेला पाम आत घामेजून कुजतो.

इथेच कॅमेरॉप्सने मला चकित केलं. चुसानचं एकुलतं खोड शेंड्यातून कुजलं की बहुधा झाड संपतं. कॅमेरॉप्सचं मुख्य खोड गेलं, पण मी ते उपटलं नाही, आणि जूनच्या शेवटी बुडातून तीन फुटवे निघाले. थंडीच्या आकड्यांत तो कच्चा आहे, पण मोडल्यावर पुन्हा उठण्यात चुसान त्याच्या जवळपासही येत नाही. मला ही बाजू फार मोलाची वाटते आणि कोणत्याही श्रेणीत ती दिसत नाही.

तर कुठे कोणता? माझं मत सरळ आहे. परसात माती जड असेल, सावली असेल, पण वारा अडलेला असेल, तर चुसान. मे महिन्यात लावा म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील, आणि उन्हाळ्यात पाण्याला कंजुषी करू नका. वाऱ्याचं मात्र जपा. अमेरिकेत त्याला पवनचक्की पाम म्हणतात, पण खऱ्या वाऱ्यात त्याचीच पानं चिंध्या होतात. झाड मरत नाही, देखणेपण जातं. ट्रॅकीकार्पस वाग्नेरियानस नावाचा त्याचा लहान, ताठ पानांचा भाऊबंद वारा चांगला सोसतो. तो मूळचा जपानी बागांतला. लांबून तो कॅमेरॉप्ससारखाच दिसतो, म्हणून पुन्हा देठ तपासा.

दक्षिणेकडे तोंड असलेली, उन्हाची भिंत असेल, समुद्राचा खारा वारा असेल, किंवा गच्चीवर कुंडीतच लावायचं असेल, तर कॅमेरॉप्स. उन्हाळ्यात पाणी द्यायला चार दिवस विसरलात तरी तो रागावत नाही. अॅटलास पर्वतातली निळसर-चंदेरी पानांची जात मिळाली तर ती जास्त काटक मानली जाते. एकच गोष्ट: लहान मुलं धावतात त्या वाटेच्या कडेला लावू नका. काटे डोळ्यांच्या उंचीवर येतात.

चुसानच्या बाबतीत एक काळजी आता नवी आहे. मादी झाडाला शेकडो निळसर-काळी फळं लागतात आणि पक्षी ती पसरवतात. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला तिचिनोमध्ये त्याने जंगलांत असा शिरकाव केला की 1 सप्टेंबर 2024 पासून त्या देशात त्याची विक्रीच बंद आहे. रानालगत राहत असाल तर फळं पिकण्याआधी घोस कापून टाका.

माझे तीन फुटवे मी पुढच्या मेमध्ये मुळांसकट उचलले आणि घराच्या दक्षिण बाजूला हलवले. एक हात उंच वरंबा केला, त्यात अर्धी माती, अर्धी खडी. चुसान आणला तो कुंपणाशी लावला, त्या जुन्याच जागी. कॅमेरॉप्सला गेल्या वसंतात पानांच्या बुडाशी दडलेला पहिला पिवळा फुलोरा आला. वाकून, काटे बाजूला सारून पाहावा लागतो.