स्पेक्टॅकल्ड आयडर : संख्या का घटली याचा शोध

स्पेक्टॅकल्ड आयडर हे आर्क्टिककडच्या थंड समुद्रातलं बदक, शास्त्रीय नाव सोमॅटेरिया फिशेरी. नराचं डोकं फिकट हिरवट, चोच केशरी आणि डोळ्याभोवती काळ्या कडेचा मोठा पांढरा गोल. मादी तपकिरी, गवतात बसली की पटकन दिसतच नाही. आपल्याकडे थंडीत उजनीला नाहीतर जायकवाडीला जी बदकं येतात ती गोड्या पाण्यातली, हा प्रकार वेगळा, वर्षाचे बरेच महिने समुद्रावर काढायचे आणि जमिनीवर यायचं ते फक्त अंडी घालायला. तेही तीनच भागांत: पश्चिम अलास्कातला युकॉन-कुस्कोक्विम डेल्टा, अलास्काचा उत्तर किनारा आणि रशियाचा आर्क्टिक किनारा.

यातला डेल्टा म्हणजे या गोष्टीतला मुख्य भाग. 1970 च्या दशकात तिथे अंदाजे 48 हजार जोड्या होत्या आणि 1992 पर्यंत जेमतेम 1,700 उरल्या, म्हणजे 96 टक्के घट, तीही वीसेक वर्षांत. 1993 मध्ये अमेरिकेने या बदकाला धोक्यात असलेल्या प्रजातींच्या कायद्याखाली घेतलं आणि मग खरा प्रश्न आला की हे झालं कशामुळे.

गिधाडांची केस मराठी वाचकाला माहीत असते, तिथे डायक्लोफेनॅक हे एक औषध सापडलं, 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आरोपी एकच होता. इथे तसं नव्हतं. संशयित ढीगभर: आर्क्टिक कोल्हे आणि गल पक्षी अंडी-पिल्लं खातात, गावकरी शिकार करतात आणि अंडी गोळा करतात, समुद्रातलं खाणं बदललं असेल, बर्फ, प्रदूषण, काहीही. त्यात गंमत म्हणजे हे बदक हिवाळाभर असतं कुठे हेच कुणाला माहीत नव्हतं! निम्मं वर्ष पक्षी नजरेआड, मग तो मेला कुठे हे सांगणार कसं.

म्हणून ऑपरेशन करून काही पक्ष्यांच्या पोटात सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले, अँटेना तेवढी बाहेर. 1995 च्या हिवाळ्यात बेरिंग समुद्रातून, सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेकडून सिग्नल मिळाला, विमान तिकडे गेलं तर गोठलेल्या समुद्रातल्या मोकळ्या पाण्याच्या फटींमध्ये पक्ष्यांचे दाट थवेच्या थवे. 1997 च्या मोजणीत आकडा आला साधारण 3 लाख 63 हजार. म्हणजे प्रजाती संपत नव्हती, रशियात भरपूर पक्षी होते आणि डेल्टा मात्र रिकामा होत होता. माझ्या मते या सगळ्या शोधातली सगळ्यात उपयोगी माहिती हीच, कारण सगळे पक्षी हिवाळा एकाच जागी काढत असतील आणि एकाच भागातले इतके झपाट्याने कमी होत असतील तर नुसत्या समुद्राला दोष देऊन भागत नाही, डेल्टावर काहीतरी वेगळं घडत असणार.

डेल्टावरच्या काशुनुक नदीजवळ आणि आसपास संशोधकांनी कॅम्प टाकले. घरट्यावर बसलेली मादी जाळ्यात धरायची, चोचीवर नंबराची छोटी चकती लावायची, रक्त घ्यायचं, एक्स-रे काढायचा. अंडं किती दिवसांचं आहे ते बघायला ते पाण्यात सोडतात, ताजं असेल तर तळाशी आडवं पडतं आणि दिवस भरत आले की उभं होऊन वर येऊ लागतं, साधी युक्ती पण उबवण्याची तारीख बरोबर कळते. एक्स-रेमध्ये काही पक्ष्यांच्या पेषणीत, म्हणजे खाणं दळणाऱ्या स्नायूच्या पिशवीत, चक्क बंदुकीचे शिशाचे छर्रे दिसले.

हे छर्रे त्यांना मारलेले नव्हते. वर्षानुवर्षं तळ्यांवर बदकं-हंसांची शिकार झाली, चुकलेल्या बारातले छर्रे पाण्यात पडले. बदक तळाचा गाळ चाळताना खडे गिळतं तसे छर्रेही गिळतं, पेषणीत ते घासले जातात, आम्लात विरघळतात आणि शिसं रक्तात. त्यात मादीचं नशीब जास्त खोटं, कारण नर अंडी उबवायला सुरुवात झाली की समुद्राकडे निघून जातो आणि ती पुढे पिल्लं उडेपर्यंत आठवडेच्या आठवडे त्याच तळ्यांत खात राहते. नमुन्यांत अंडी फुटण्याच्या सुमारास साधारण चारातल्या एका मादीच्या रक्तात शिसं होतं आणि पिल्लं वाढवताना तिनातल्या एकीपेक्षा जास्त, म्हणजे मुक्काम वाढला तसं प्रमाणही वाढलं.

1998 मध्ये आलेल्या अभ्यासात जगण्याचं प्रमाण मोजलं: शिसं न लागलेल्या माद्या वर्षाला 78 टक्के जगत होत्या, शिसं लागलेल्या 44 टक्के. हेच प्रमाण पुढे चालू राहिलं असं धरा, शंभरातल्या दोन वर्षांनी एकीकडे 61 उरतील आणि दुसरीकडे 19. कोल्ह्यांनी एखाद्या वर्षी सगळी अंडी खाल्ली तरी असं बदक सावरतं, कारण मादी दीर्घायुषी असते आणि पुढच्या वर्षी परत घालते, पण मोठी मादीच गेली तर मग काही राहत नाही. लोकांना कोल्हे आधी दिसतात, साहजिक आहे, पण हिशोब मादीच्या आयुष्यावर ठरतो.

पाण्यावरच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेत 1991 पासूनच बंद, पण दुर्गम गावांत पुढेही काही वर्षं वापर चालू होता. शिवाय आधीचे कुठे जाणार? संशोधकांनी तळ्यांत मुद्दाम छर्रे टाकून ठेवले आणि नंतर गाळ तपासला, तीन वर्षांनीही बरेचसे वरच्या काही सेंटिमीटरमध्येच पडून होते, म्हणजे बदकाच्या चोचीला सहज लागतील असे.

बाकीच्या संशयितांचीही तपासणी झाली. रक्तात सेलेनियम, म्हणजे जास्त झालं तर विषारी ठरणारं मूलद्रव्य, खूप सापडलं, सगळे घाबरले, पण ते समुद्रातून आलेलं, जमिनीवर आल्यावर कमी होत जाणारं, आणि त्यामुळे अंडी वाया जातात असं काही दिसलं नाही. समुद्राचा मुद्दा मात्र सुटत नाही. हे बदक 40 ते 70 मीटर खोल बुडी मारून तिसऱ्यांसारखे छोटे शिंपले खातं, आणि त्या तळावर पूर्वी मॅकोमा शिंपल्यांचं राज्य होतं ते जाऊन न्यूक्युलाना नावाचे दुसरे शिंपले वाढले. ज्या हिवाळ्यात बर्फ फार दाट बसतो त्यानंतर डेल्टावर पक्षी कमी दिसतात असाही संबंध आढळला. त्यामुळे शिशाने डेल्टा सावरू दिला नाही हे पक्कं म्हणता येतं, पण घट पहिल्यांदा सुरू कशाने झाली याचं सगळं खापर एकट्या शिशावर फोडणं घाईचं आहे.

2001 मध्ये सुमारे 1 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या बदकासाठी महत्त्वाचं अधिवास क्षेत्र म्हणून जाहीर झालं, त्यात समुद्रावरची हिवाळ्याची जागाही आली. गावांमध्ये स्टीलचे छर्रे वापरा म्हणून तिथल्या मूळ रहिवासी युपिक समाजातल्या शिकाऱ्यांशी बोलणी झाली. डेल्टावरची संख्या 1990 च्या दशकातल्या तळापासून नंतर वाढत गेली, पण 1970 च्या दशकातल्या आकड्याच्या जवळपासही ती गेलेली नाही.