प्रगत परिसर व्यवस्थापन

प्रगत परिसर व्यवस्थापन : एखाद्या गल्लीतील, रस्त्यावरील किंवा लगतच्या इमारतींतील रहिवाशांनी समिती स्थापून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाच्या सहकार्याने आपल्या परिसराची स्वच्छता व नागरी सुविधा यांवर देखरेख ठेवण्याची बृहन्मुंबई महानगरपालिकेची योजना. मुंबईत ती ‘एएलएम’ (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) याच नावाने ओळखली जाते आणि या योजनेखाली स्थापन झालेल्या समितीलाही लोक एएलएमच म्हणतात.

मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थेला ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ चा आधार आहे. मात्र तिचा अधिकार इमारतीच्या कुंपणापाशी संपतो. कुंपणाबाहेरचा पदपथ, गटार, दिवाबत्ती, कोपऱ्यावरची कचराकुंडी हे सारे महानगरपालिकेचे, आणि तेथे रहिवाशाची भूमिका तक्रारदाराची. ही पोकळी घाटकोपर येथील जोशी लेनच्या रहिवाशांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास स्वतः भरून काढली. त्यांनी घरोघर ओला व सुका कचरा वेगळा करण्यास सुरुवात केली आणि गल्ली स्वच्छ राखण्याची जबाबदारी एकत्रितपणे उचलली. हा प्रयोग नमुना मानून महानगरपालिकेने १९९७ मध्ये योजना आखली व ती शहरातील इतर विभागांत नेली. योजनेची कल्पना प्रशासकीय कार्यालयात नव्हे, तर एका गल्लीत जन्मली, हे तिचे स्वरूप समजून घेताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

समितीची स्थापना साधी असते. परिसरातील इमारतींचे प्रतिनिधी एकत्र येऊन हद्द ठरवतात, पदाधिकारी निवडतात आणि विभाग कार्यालयाकडे नोंद करतात. रहिवाशांनी कचऱ्याचे वर्गीकरण करावे, शक्य तेथे ओल्या कचऱ्याचे खत परिसरातच करावे आणि कचरा रस्त्यावर टाकू नये, ही त्यांच्याकडून मूळ अपेक्षा. त्या बदल्यात विभाग कार्यालयाने एका अधिकाऱ्याकडे समन्वयाचे काम सोपवावे आणि समितीच्या तक्रारींची दखल घ्यावी, ही महानगरपालिकेची बाजू. नोंद झाली म्हणून समितीला कायदेशीर व्यक्तित्व लाभत नाही. तिला स्वतःच्या नावे निधी उभारायचा असेल, तर ‘संस्था नोंदणी अधिनियम, १८६०’ खाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवावी लागते, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते. अनेक समित्या या वाटेला न जाता वर्गणीवर काम भागवतात.

योजनेचे खरे बळ पाठपुराव्यात आहे. गटाराचे झाकण कोणत्या कोपऱ्यावर तुटले आहे, नालेसफाईचा गाळ किती दिवस रस्त्याकडेला पडून आहे, कोणता दिवा लागत नाही, हे त्या रस्त्याने रोज चालणाऱ्यास जितके ठाऊक असते तितके दूरच्या अभियंत्याला असू शकत नाही. अशा नोंदी तारीखवार ठेवून त्या मुकादमापासून सहायक आयुक्तापर्यंत क्रमाने नेणारी समिती आपल्या परिसरासाठी बरेच काही मिळवते. वर्षातून एकदाच एकत्र येऊन निवेदन देणारी समिती लवकरच कागदावर उरते. समितीचा सारा भार एकदोन सेवानिवृत्त व्यक्तींवर असल्यास त्यांच्यामागे ती थंडावते, असाही अनुभव आहे.

कचरा वर्गीकरणाला कचरावेचक स्त्रियांच्या श्रमांची जोड मिळाली, ही या योजनेच्या इतिहासातील विशेष मोलाची बाब होय. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम हाती घेतला. कचराभूमीवर व कुंड्यांत भंगार शोधणाऱ्या स्त्रियांना कचरा हाताळणी, खतनिर्मिती, बागकाम आणि जैववायू संयंत्र चालवणे यांचे प्रशिक्षण देऊन त्यांचे गट बांधण्यात आले आणि वसाहतींमध्ये त्यांना नियमित काम मिळू लागले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ जैववायू संयंत्रांवरही या स्त्रियांनी काम केले. परिसर स्वच्छ झाल्याचे श्रेय केवळ समितीला देणारी वर्णने म्हणूनच अपुरी ठरतात.

या समित्यांचा प्रभाव पुढे राजकारणातही दिसला. २००७ च्या महानगरपालिका निवडणुकीत जुहू परिसरातून अॅडॉल्फ डिसोझा हे नागरिकांनी पुढे केलेले अपक्ष उमेदवार निवडून आले. मात्र संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांसाठी १९९३ पासून लागू झालेल्या रचनेत अशा समित्यांना स्थान नाही. त्या दुरुस्तीतील प्रभाग समित्या मुंबईत अनेक प्रभाग एकत्र करून बनल्या असल्याने गल्लीपातळीवरील रहिवाशाला त्या दूरच्या वाटतात. मतदान केंद्राच्या पातळीवर मतदारांची क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली. ती नेमाने अमलात आली असती, तर एएलएमच्या सूचनांना कायद्याचे पाठबळ लाभले असते.

योजनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप प्रतिनिधित्वाचा आहे. एएलएम प्रामुख्याने मध्यमवर्गीय इमारतींतून उभ्या राहिल्या. त्याच रस्त्यावरचा फेरीवाला, इमारतीत घरकाम करणारी आणि मागच्या वस्तीत राहणारी स्त्री, भाड्याच्या खोलीतला कामगार यांना समितीच्या बैठकीत सहसा जागा नसते. पदपथ मोकळा करण्याची मागणी मात्र बहुधा त्यांच्याच उपजीविकेवर येते. ‘पथविक्रेता अधिनियम, २०१४’ ने फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिल्यानंतर अशा मागण्या करताना समितीने त्यांच्या हक्कांचाही विचार करणे अपरिहार्य आहे. झोपडपट्ट्यांसाठी महानगरपालिकेने ‘दत्तक वस्ती योजना’ ही स्वतंत्र योजना राबवली. तीत स्थानिक संस्थांना ठरावीक मोबदला देऊन वस्तीतील सफाईचे काम सोपवले जाई. एका बाजूस सुविधांबाबत प्रशासनाशी बोलणारे रहिवासी आणि दुसऱ्या बाजूस मोबदल्यावर सफाई करणारे रहिवासी, अशी ही विभागणी समर्थनीय म्हणता येत नाही, कारण पाणी, शौचालये व गटारे यांबाबत बोलण्याची गरज वस्तीत अधिक आहे.

‘घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६’ नंतर वर्गीकरण सर्वांनाच बंधनकारक झाले. २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने २०,००० चौ. मी. हून मोठ्या किंवा रोज १०० किग्रॅ. हून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवण्यास सांगितले. त्यामुळे कचऱ्याबाबत एएलएमचे काम स्वेच्छेच्या पुढाकाराकडून नियमपालनाकडे सरकले, आणि पदपथ, उद्याने, वृक्षसंवर्धन व पावसाळी पाण्याचा निचरा हे विषय सक्रिय समित्यांच्या बैठकींत अधिक वेळ घेऊ लागले.